पाच महिने एकच हंडा

(वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून)

ताई, मी चोपडा तालुक्यातला. वय २३, बीए झालंय. वडील पेंटर. बोर्ड, दुकानांची शटरं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, गणपती मंडळांच्या कमानी असं सगळं करायचे. फ्लेक्स आले आणि ते काम गेलं. आता आमचं रेडियम आणि नंबर प्लेटचं दुकान आहे, मी तिथंच बसतो. चित्रं लहानपणापासून काढतो. मागच्या वर्षी एका लग्नात अमळनेरच्या एका रिटायर्ड ड्रॉइंगच्या सरांशी ओळख झाली. त्यांनी माझी वही चाळली आणि "रविवारी ये" म्हणाले. तेव्हापासून दर रविवारी तापी ओलांडून मोटरसायकलवर जातो. ते पैसे घेत नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं होतं, "रेषा कोणाकडून शिकलास?" मी म्हटलं, कोणाकडूनच नाही, आपोआप आली. सुरुवातीला फार बरं वाटायचं. पण गेले पाच महिने ते मला एकच पितळी हंडा काढायला लावतायत. पेन्सिलनं. रंग नाही. "चांगलं" हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही आलेला नाही. माझा एक मित्र यूट्यूबवर बघून पोर्ट्रेट शिकला, इन्स्टाग्रामवर त्याचे हजारो फॉलोअर आहेत, ऑर्डरी येतात. वडील म्हणतात, एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) कर आणि शाळेत लाग. आजच्या काळात गुरू खरंच लागतो का? आणि मी रविवारचं जाणं बंद केलं तर कृतघ्न ठरेन का?

प्रिय मित्रा,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुला जास्त टोचत असणार. जाणं बंद केलंस तर तू कृतघ्न ठरणार नाहीस. सर पैसे घेत नाहीत म्हणून तू त्यांच्याकडे गहाण पडलेला नाहीस. पण माझं मत विचारशील तर इतक्यात बंद करू नकोस. का, ते सांगते. जरा लांबण लागेल.

हंड्यापासून सुरुवात करू. मी तुझी वही पाहिलेली नाही, पण हंडा काढलेला आहे, खूप वेळा. त्याचं तोंड गोल आहे हे आपल्याला माहीत असतं आणि हात तेच काढायला धावतो. डोळ्यांना मात्र दिसत असतो तो दबलेला, लांबट गोल. हंडा उंच स्टुलावर ठेवला तर हा गोल जवळजवळ रेघेइतका चपटा होतो, जमिनीवर ठेवला की उघडतो. बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त वाकलेली दिसते, कारण ती डोळ्यांच्या पातळीपासून आणखी खाली असते. बहुतेक नवशिके बुड सपाट काढतात. हंडा जमिनीवर टेकलेला आहे, हे डोक्यात घट्ट बसलेलं असतं ना!

आणि उजेड. खिडकीकडची बाजू उजळ, पलीकडची काळी, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण सगळ्यात गडद पट्टा अगदी कडेला नसतो, कडेच्या जरासा अलीकडे असतो. कडेवर भिंतीचा, फरशीचा परत फिरलेला उजेड चढलेला असतो, मंद, राखाडी. तो दिसला आणि तेवढाच ठेवता आला की हंडा कागदातून फुगून वर येतो. राहून गेला की कागदावर कापलेला पत्रा उरतो. त्यात पितळ म्हणजे अर्धा आरसाच. खिडकीचे गज त्याच्या पोटावर वाकून उतरतात, समोर बसलेला तूही त्यात कुठंतरी असतोस. पाच महिन्यांत तुला हंड्यात तू दिसलास का? दिसला असशील तर सर काय करतायत ते तुला अर्धं कळलेलंच आहे.

त्यांनी हंडाच का निवडला असेल, याबद्दल माझा एक अंदाज आहे. तो शेवटी सांगते, कारण तो तुझ्या पत्रातल्याच एका ओळीवरून आलेला आहे आणि त्या ओळीसाठी मला तुझ्याशी थोडं भांडायचंही आहे.

आता माझं सांगते. मी धुळ्याची. वडील जिनिंगमध्ये कारकून होते, त्यामुळे घरात पाठकोऱ्या पावत्यांचे गठ्ठे असायचे. माझी तेव्हाची सगळी चित्रं त्या पावत्यांच्या पाठीवर. मी ज्या सरांकडे जायचे त्यांचं घर जुन्या धुळ्यात, जिथं पत्ता गल्लीच्या नंबरावर सांगतात. ओसरीवर खाट, खाटेखाली पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर पाण्याचा तांब्या. सर घरात अहिराणीच बोलायचे, शाळेत शिकवताना तेवढी 'शुद्ध' मराठी.

अठरा वर्षांची असताना मी पांझरेच्या काठाचं एक मोठं चित्र नेलं. पावत्या नव्हे, चांगला जाड कागद, वडिलांकडून हट्टानं घेतलेला. त्यात काय नव्हतं! देऊळ, देवळावर झेंडा, पिंपळ, पिंपळावर पाखरं, मावळता सूर्य, सूर्याचं पाण्यातलं प्रतिबिंब, आणि काठावर धुणं धुणाऱ्या तीन बायका. दोन आठवडे खपले होते. ओसरीवर ते उभं करून ठेवलं आणि मी शाबासकीची वाट पाहत राहिले.

सरांनी उशाखालून एक पोस्टकार्ड काढलं. कुणाचं तरी खुशालीचं पत्र होतं, त्यावरची शाई मला अजून आठवते. ते कार्ड त्यांनी चित्राच्या उजव्या कडेवर ठेवलं आणि हळूहळू आत सरकवत आणलं. पिंपळ गेला. मग वरून दुसरा हात. सूर्य गेला, देऊळ गेलं. शेवटी उरली तळहाताएवढी जागा. एक बाई, पाठमोरी, ओलं लुगडं दगडावर आपटायला हात वर नेलेला, आणि त्या वर गेलेल्या हातामुळे पाठीवर पडलेली एक आडवी वळी. सर बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "हाई तुनं शे. बाकी सम्दं कॅलेंडरनं." हे तुझं आहे, बाकी सगळं कॅलेंडरचं.

एवढंच. मी घरी जाताना रडले. रागही आला. देऊळ मी किती मेहनतीनं काढलं होतं! पण चार दिवसांनी उठून नदीवर गेले आणि फक्त पाठी बघत बसले. कपडे पिळणारीची पाठ वेगळी, हंडा डोक्यावर चढवणारीची वेगळी, लेकरू कमरेवर असेल तर एका बाजूनं कशी खचते ते वेगळं. त्या पाठींनीच मला आजवर काम दिलंय. पुस्तकांसाठी काढलेल्या माझ्या चित्रांत बायका बहुतेक पाठमोऱ्या असतात, लोक कारण विचारतात. कारण ते पोस्टकार्ड.

बघ, सरांनी मला काढायला शिकवलं असं मी म्हणणार नाही. हात माझाच होता, ती पाठ त्यांनी मला दाखवून काढून घेतली नव्हती. ती माझ्याकडून कधीच निघाली होती, पण मला ती दिसली नव्हती. पाखरांच्या आणि झेंड्याच्या गर्दीत मी तिला स्वतःच हरवून बसले होते. आपल्याच कामात आपलं काय आणि उसनं काय हे ज्याला आपल्याआधी दिसतं, असा माणूस भेटला की पुढची वीस-तीस वर्षं कुठं बघायचं ते ठरून जातं. गुरूचं मोल माझ्या लेखी हे आहे. पेन्सिल कशी धरायची ते कुठंही मिळतं.

म्हणूनच यूट्यूबबद्दल माझ्या मनात आकस नाही. मीही बघते, जलरंगात ओला कागद कसा सांभाळायचा ते मागच्याच वर्षी एका परदेशी मुलीकडून तिथं शिकले. विचारशील त्याचं उत्तर तिथं मिळतं. पण तू जे विचारायचंच राहून गेलंय, ते कोण सांगणार? तुला व्हिडिओ दिसतो, व्हिडिओला तू दिसत नाहीस. तुझ्या मित्राचं काम वाईट असेल असंही मी धरून चालत नाही. फोटोवरून हुबेहूब चेहरा उतरवणं ही कारागिरी आहे, त्यात घर चालत असेल तर फार उत्तम. फक्त त्याची आणि तुझी तुलना करू नकोस, तुम्ही दोघं वेगळ्या गावांना निघालेले आहात.

आता त्या "चांगलं" शब्दाबद्दल. तो ऐकायची भूक मला कळते. आपल्या भागातलंच एक उदाहरण देते. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं होतं. धरणगावात जन्मलेला सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक ठोंबरे तिथं कविता म्हणाला आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. ही गोष्ट आपल्याला शाळेत सांगतात, कारण ती सांगायला छान आहे. पोरगा उभा राहतो, सभा थक्क होते. पण त्याच्या आयुष्यात त्याहून मोठी गोष्ट मला दुसरीच वाटते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी या मुलाला आपल्या घरात घेतलं. नगरच्या त्या घरात तो राहिला, लक्ष्मीबाईंच्या हातचं जेवला, टिळकांशी बोलला, वाद घातले असतील, कविता वाचून दाखवल्या असतील. आणि तरी त्याची कविता टिळकांच्या कवितेची नक्कल झाली नाही. टिळक फुलामुलांचे आणि भक्तीचे कवी. हा मुलगा मात्र ओढ्याकडे, उन्हाकडे, संध्याकाळच्या उदासीकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघत राहिला. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनावर तो रेल्वेखाली गेला तेव्हा वय होतं अवघं सत्तावीस. टिळक त्याच्यामागे वर्षभर जगले. आपण ज्याला घरात घेतलं, वाढवलं, त्याच्यामागे आपण उरणं, याचा विचार माझ्याच्यानं फार वेळ करवत नाही.

सांगायचं होतं ते असं. पदवी एका सभेत मिळाली. घर मात्र रोजचं होतं. तुला सरांकडून 'चांगलं' मिळत नाहीये, पण रविवार मिळतोय, दर आठवड्याला, एका म्हाताऱ्या माणसाच्या सुट्टीचा अख्खा दिवस. कौतुकाला अर्धं मिनिट लागतं. पाच महिने त्याच मुलाचा तोच हंडा मन लावून बघायला काय लागत असेल, याचा हिशोब एकदा करून बघ.

धुळ्याजवळच्या गोंदूरचं नाव तू ऐकलं असशीलच. राम सुतारांचं गाव. सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा ज्यांनी घडवला ते. जन्म १९२५चा, घरात सुतारकीचा वारसा. त्यांच्यातली कला ओळखून त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली ती श्रीराम कृष्ण जोशी या त्यांच्या गुरूंनी. १९५३ साली सुतारांना तिथलं मेयो सुवर्णपदक मिळालं. पुतळा सगळ्या जगाला माहीत आहे, पण जोशी गुरुजींचं नाव धुळ्यातही दहा जणांना विचारलं तर किती जण सांगतील, कोण जाणे. मला त्यांच्याबद्दल विचार करायला आवडतं. खेड्यातल्या पोराच्या हातात त्यांना नेमकं काय दिसलं असेल? आणि ते दिसल्यावर "हा मुलगा माझ्याजवळ राहावा" असं न वाटता "हा पुढं जावा" असं वाटलं, याला माझ्या मते फार मोठं मन लागतं.

तेव्हा तुझ्या सरांना याच कसोटीवर बघ. कारण सगळेच असे नसतात आणि ते न सांगता मी तुला "गुरूला शरण जा" म्हणाले तर ते पाप होईल.

मी स्वतः पोळलेय. धुळं सोडून मोठ्या शहरात गेल्यावर एका नावाजलेल्या चित्रकाराकडे आठ महिने काढले. नाव सांगत नाही. तिथं आम्ही पाच-सहा मुलं-मुली त्यांच्या ऑर्डरी रंगवायचो, खाली सही त्यांची. आमची स्वतःची चित्रं त्यांनी कधी मागितली नाहीत. इतर कुणाच्या प्रदर्शनाला गेलो की टोमणे. आणि बोलणं कसं, तर "तुझ्यात दमच नाही", "खेड्यातली ती खेड्यातलीच." धुळ्याचे सर याहून कडक होते, पण ते जे काही बोलले ते चित्राबद्दल बोलले. पोस्टकार्ड कागदावर फिरलं, माझ्यावर नाही. हा फरक तेव्हा मला कळायला आठ महिने लागले, तू आजच कानाला खडा लाव. जो तुझ्या जातीवर, गावावर, घरच्यांवर, पैशावर बोलतो, इतरांकडे जायची बंदी घालतो, तुझ्या कामावर स्वतःचं नाव टाकतो, एकटं गाठायला बघतो, तिथून त्याच दिवशी उठायचं. चहासुद्धा घ्यायला थांबायचं नाही. हे पत्र वाचणाऱ्या मुलींना मी हे दोनदा सांगते.

तुझ्या पत्रात असं काही दिसत नाही. दिसतं ते एवढंच की सर फार कमी बोलतात. आपल्याकडच्या जुन्या मास्तरांचा हा दोष आहेच. काय शोधतायत ते सांगत नाहीत, पोरगं आपणच ओळखेल म्हणून बसून राहतात. पण तोंड तुलाही आहे. रविवारी गेल्यावर "कसं झालंय?" असं विचारू नकोस, त्याला "हं" याच्यापलीकडे उत्तर नाही. तीन हंडे पुढे ठेव. त्यातला तुला स्वतःला कोणता बरा वाटतो ते सांग, का वाटतो तेही सांग, मग विचार, "सर, माझं कुठं चुकतंय?" आणि सरळ हेही विचार, "हंडाच का?" यात उद्धटपणा काही नाही. शिकणाऱ्याला विचारायचा हक्क असतो, आणि चांगल्या शिकवणाऱ्याला तो प्रश्न आवडतो. उत्तर टाळलं, चिडले, "मी सांगतो म्हणून" एवढंच म्हणाले, तर आणखी दोन महिने बघ आणि मग तुझा तू मोकळा.

एक दिवस तुला त्यांच्याशी असहमत व्हावं लागेल, तेही आत्ताच सांगून ठेवते. मी दोन वर्षांनी धुळ्याला परतले तेव्हा माझं काम खूप बदललं होतं. चेहरे नव्हते, मोठाल्या पाठी, आणि बाजूला कागदाचा मोठा भाग कोरा सोडलेला. भीत भीत ओसरीवर मांडलं. सरांनी पोस्टकार्ड काढलं, त्या कोऱ्या भागावर ठेवलं आणि सरकवू लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, "राहू द्या सर, तो पाहिजे." ते थांबले. कार्ड उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. मग उशाखाली सारलं आणि आत हाक मारली, चहा टाक म्हणून. त्याआधी तीन वर्षं मी तिथं जात होते, चहा मिळायचा, पण मी ओसरीच्या पायरीवर बसून प्यायचे. त्या दिवशी त्यांनी खाटेवर जागा करून दिली.

आजही चित्र पुरं झालं की मी पोस्टकार्ड फिरवते. आता पोस्टकार्डं सहज हाताशी नसतात, लाइट बिल चालतं.

तू विचारलंयस, गुरू लागतोच का. लागतोच असं मी म्हणणार नाही. चाळीसगावचे केकी मूस बघ. मुंबईत जन्मले, परदेशात शिकले, आणि मग चाळीसगावात स्टेशनाजवळच्या घरात जवळजवळ सगळं आयुष्य काढलं, १९८९ साली गेले तोवर. घराबाहेर म्हणून पडत नसत. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, उजेड सोडून, त्यातून बर्फाळ डोंगर, झाडं, गावं उभी करायची आणि त्यांचे फोटो काढायचे. त्यांच्यासमोर कोणी पोस्टकार्ड फिरवणारं बसलेलं नव्हतं. पण त्या घराला नाव काय दिलं होतं माहीत आहे? रेम्ब्रांट्स रिट्रीट. १६६९ साली गेलेला रेम्ब्रांट हा डच चित्रकार त्यांनी चाळीसगावात राहायला आणला होता म्हण ना. अंधारातून एका बाजूनं येणारा उजेड कसा वागतो, हे त्या माणसाला विचारत ते बसले असतील. म्हणजे एकटेपणातही त्यांनी कुणाला तरी समोर बसवलंच. तू एकदा जाऊन ये, ते घर आता बघायला खुलं आहे. हंडा काढलेल्या डोळ्यांनी ते फोटो बघ, उजेड कुठून सोडलाय ते शोध. अजिंठाही तुला लांब नाही, तिथंही जा. पण एकटा जा, मित्रांच्या सहलीबरोबर नको.

एटीडीचं म्हणशील तर वडिलांचं ऐक. यात मला फार बोलायचं नाही. पोटापाण्याची सोय ही कलेची वैरीण नसते. राम सुतारांनीही पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली आणि वेरूळ-अजिंठ्याच्या मूर्तींच्या डागडुजीत वर्षं घालवली. शिक्षक झालास तर तुझ्यासमोर दर वर्षी वर्गभर पोरं बसतील, त्यातल्या एखाद्याची वही तू एखाद्या लग्नात चाळशील.

आता भांडण.

"रेषा कोणाकडून शिकलास?" असं सरांनी विचारलं आणि तू म्हणालास, "आपोआप." मित्रा, ज्या घरात बाप चाळीस फुटांच्या कंपाउंडच्या भिंतीवर हातानं अक्षरं लिहीत होता, त्या घरातल्या मुलाला रेषा आपोआप आली?

लहानपणी आमच्या गल्लीत एका दुकानाचं शटर रंगवताना मी एका पेंटरला बघितलंय, शाळा बुडवून. खडूत घोळलेली सुतळी दोन टोकांना ताणून धरली, मधून चिमटीनं उचलून सोडली, टण्णकन, की पत्र्यावर सरळ पांढरी रेघ. उजव्या हाताखाली आधाराला काठी, काठीच्या टोकाला चिंधी गुंडाळलेली. चपटा ब्रश डब्याच्या काठावर दोन्ही बाजूंनी पुसून घ्यायचा आणि 'श' ची गाठ एका दमात फिरवायची. मध्ये थांबलं तर इनॅमल ओघळतो, मग रॉकेलची चिंधी. त्याचा श्वास गाठ पुरी होईपर्यंत अडलेला असायचा आणि मग सुटायचा, तो सुटल्याचा आवाज मला ऐकू यायचा. तू हे लहानपणी शेकडो वेळा बघितलंयस. डबा धरून उभा राहिलायस. ब्रश रॉकेलमध्ये धुऊन ठेवलेयस. तुझ्या मनगटात जे आहे ते तिथून आलंय. वडिलांनी ते शिकवलं असं त्यांना वाटत नसेल, तू ते शिकलास असं तुला वाटत नसेल, पण सरांना पहिल्या पाच मिनिटांत वहीत दिसलं की या मुलाच्या मागं कोणीतरी उभं आहे.

आणि हाच माझा हंड्याबद्दलचा अंदाज. पेंटरच्या मुलाची कड पक्की असते. कड, वळण, गाठ, सगळं एका दमात. पण अक्षराला पोट नसतं, ते भिंतीवर सपाट असतं. तुझी चित्रंही तशीच असणार, रेघ देखणी आणि आतला माणूस पत्र्याचा. सरांना ते दिसलं असणार. म्हणून त्यांनी तुझ्यापुढे अशी वस्तू ठेवली जी निव्वळ पोट आहे. रंग नाही दिला, कारण रंग दिला की तू पुन्हा सपाट भरशील. वडिलांनी दिलेलं त्यांना पुसायचं नाहीये. त्यात जे नाही तेवढं घालायचंय. माझा अंदाज चुकीचाही असेल, म्हणूनच म्हटलं, विचार.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. असोद्याची ही लेक घरोट्यावर, शेतात गात राहिली. तिचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी, नावाजलेला. आपली कविता आपोआप आली, असं तो म्हणू शकला असता. त्यानं आईचं गाणं कागदावर उतरवून ठेवलं. १९५१ साली ती गेली, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ते महाराष्ट्रापुढे आलं. तुझ्या वडिलांनी रंगवलेले बोर्ड तालुक्यात अजून कुठं कुठं उरले असतील, एखाद्या बंद पडलेल्या जिनिंगच्या भिंतीवर, एखाद्या जुन्या पिठाच्या गिरणीवर. फ्लेक्सखाली झाकले गेले असतील, पाऊस त्यांना दर वर्षी थोडं थोडं धुऊन नेत असेल. वडिलांना घेऊन फिर आणि त्यांचे फोटो काढ. कोणतं अक्षर कसं फिरवलं ते विचार. तू एरवी दुकानात रेडियम कापतोस, तिथं ते गप्प बसून असतील. ब्रशबद्दल विचारलंस तर बोलतील.

आणि येत्या रविवारी तीन हंड्यांबरोबर त्यांचा सगळ्यात जुना चपटा ब्रश बरोबर घे. सरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर वर्षभर राहून गेलंय, ते देऊन टाक. जमलं तर वडिलांनाच मोटरसायकलवर मागं बसव. दोन म्हातारे ओसरीवर बसून रेघेबद्दल काय बोलतात, ते ऐकायला मिळालं तर मला नक्की लिहून कळव.

तुझी
ताई